इस्त्री केलेलं गाणं

“मॅडम, कोई देसी मॅडम आया है,” रिसेप्शनवरच्या शीबानं आतल्या फोनवर सांगितलं. दुबईत ‘देसी’ म्हणजे आपल्याकडचं कोणीतरी, भारतातलं किंवा फार तर शेजारच्या देशातलं. मी बाहेर आले तर सोफ्यावर सोनेरी केसांची, माझ्यापेक्षा हातभर उंच अशी गोरी बाई व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसलेली. मी तिला ओलांडून इकडेतिकडे बघायला लागले. ती उठली, हात पुढे केला आणि म्हणाली, “मी देसी.”

नाव देसिस्लावा. बल्गेरियात म्हणे सगळ्या देसिस्लावांना घरीदारी देसीच म्हणतात. इथे आल्यापासून बारा वर्षं ती टॅक्सीवाल्यांना हे समजावून सांगतेय.

मी आवाज पकडायचं काम करते. साउंड इंजिनियर म्हटलं की भारदस्त वाटतं, पण कामाचं स्वरूप तेच. देरा या दुबईच्या जुन्या बाजारभागात तिसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. खाली मसाल्याच्या व्यापाऱ्यांची ऑफिसं, त्यामुळे जिन्याला कायम वेलदोड्याचा वास. मुंबईच्या डबिंग स्टुडिओतून मी इथवर कशी आले आणि बायका सहसा नसलेल्या या धंद्यात कशी टिकले, हे सांगत बसले तर दिवाळी अंकाची पानं त्यातच संपतील. एवढंच सांगते, की इथल्या कितीतरी लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणणारी बाई आणि बँकेच्या फोनवर ‘हिंदीसाठी दोन दाबा’ म्हणणारा बुवा माझ्या काचेपलीकडच्या खोलीत उभे राहून गेलेले आहेत. एकदा एक अरब गृहस्थ हातावर ससाणा घेऊन आले. त्याची किंकाळी त्यांना फोनच्या रिंगटोनसाठी हवी होती. ससाणा तासभर माइकसमोर एखाद्या न्यायाधीशासारखा गप्प बसला. मी हात टेकले, माइक बंद केला, दार उघडलं. बाहेर शीबा शिंकली आणि ससाणा असा ओरडला की खालच्या मजल्यावरचे व्यापारी वर आले.

देसीची मागणी मात्र सरळ होती. ती एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी व्हायोलिन वाजवते. तिनं स्वतः रचलेलं नवं संगीत तिला रेकॉर्ड करायचं होतं: काही रचना शास्त्रीय, पाश्चात्त्य पद्धतीच्या, आणि काही तिच्या गावाकडची लोकगीतं, नव्यानं बांधलेली. सोबत प्लामेन नावाचा तिचा देशबंधू. तो जबल अलीत जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी गादुल्का वाजवतो.

गादुल्का मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. नाशपातीच्या आकाराची, उभी धरून गजानं वाजवायची. तार दाबायची नाही, नखानं नुसती अडवायची, आपल्या सारंगीसारखी. आणि खाली पाहिलं तर तरफा! मुख्य तारा वाजल्या की आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, तशाच, ओळीनं. मला इतका आनंद झाला की मी प्लामेनला मिरजेच्या सतारींबद्दल दहा मिनिटं सांगत होते. तो सगळं ऐकून शांतपणे मान हलवत होता. आपण नाही म्हणताना हलवतो तशी.

ती मान आम्हाला महागात पडली. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यानं सात मात्रांची एक धून वाजवली. मी मांडीवर रूपक ताल धरायला गेले आणि पहिल्याच आवर्तनात आपटले, कारण आपला तीन मात्रांचा गट आधी येतो आणि त्यांचा शेवटी. पण वाजवणं अप्रतिम झालं. मी काचेतून अंगठा वर करून विचारलं, “ओके?” त्यानं मान डावी-उजवीकडे हलवली. बरं, त्याला पसंत नाही. पुन्हा. पुन्हा तेच. दहा वेळा झालं. आमच्या स्टुडिओत एसी चालू असला की त्याची घरघर माइकमध्ये येते आणि गादुल्काच्या तरफाही तिला साथ देतात, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद ठेवावा लागतो. बंद केल्यावर बारा मिनिटांत खोली तापते आणि तारा उतरतात. मग परत एसी, परत सूर जुळवणं. दहाव्या वेळी प्लामेन घामानं निथळत बाहेर आला आणि नुकत्याच पोचलेल्या देसीला म्हणाला, “ही बाई फार कडक आहे. हिला काहीच आवडत नाही.”

तेव्हा कळलं, की बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला वरखाली. पहिल्याच वेळी त्यानं ‘मस्त झालं’ म्हणून सांगितलं होतं. आम्ही पहिलंच वाजवणं ठेवलं.

देसीच्या व्हायोलिनच्या रचना चार बैठकांत नीट झाल्या. राहिलं होतं एक गाणं. तिचं सगळं संगीत ज्या गाण्यातून फुटलं होतं ते मूळ गाणं, आणि ते तिच्या आईलाच येत होतं. त्यासाठी तिनं आईला व्हिजिट व्हिसावर दोन महिने बोलावून घेतलं होतं.

फेब्रुवारीच्या एका सकाळी आमचा ड्रायव्हर सदानंद गुरव त्या दोघींना घेऊन आला. गुरव मूळचा राजापूरकडचा, पन्नाशीचा, बोलायला भिडस्त. दारातच त्यानं मला बाजूला घेतलं.

“ताई, त्या म्हातारीला बाबा म्हणायचं म्हणे.”

“बाबा?”

“देसीमॅडमनीच सांगितलं. सगळे बाबाच म्हणतात. बाईला!”

बल्गेरियन भाषेत ‘बाबा’ म्हणजे आजी. आणि देसी तिला हाक मारायची ती ‘मायको’ अशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून पाहिलं, इतकं ते ‘माय’सारखं होतं. बाबा स्तोयांका सत्तरी पार केलेली, ठेंगणी, डोक्याला रुमाल, हात असे की जन्मभर विळा धरलेला असावा. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं माझे दोन्ही गाल हातात धरून मला नीट पाहून घेतलं आणि देसीला काहीतरी सांगितलं.

“ती म्हणतेय, हिचे कान चांगले दिसतात.”

गाणं कापणीचं होतं. दोन बायका ते उतारावर कणसं कापताना म्हणतात. एकीचा आवाज चालतो, दुसरी एकच सूर धरून ठेवते. बाबा साठ वर्षं ते तिच्या बहिणीबरोबर गायली. बहीण राडा आदल्या वर्षी गेली. दुसऱ्या आवाजाला आता कोणी नव्हतं.

मी म्हटलं, अडचण काय आहे? आधी बाबांचा पहिला आवाज घेऊ, मग तो हेडफोनवर ऐकत त्याच दुसरा आवाज गातील. या धंद्यात हे रोजचं आहे, एक गायक स्वतःबरोबर कोरस गातो. देसीनं समजावलं. बाबांना ते विचित्र वाटलं असावं, पण पाहुणीनं यजमानाचं ऐकावं तशी ती ऐकत गेली. तिनं दोन्ही आवाज गायले. हेडफोन काढताना ती रुमालानं कान पुसत होती.

आता माझी चूक सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते ऐकायला बसले. दोन आवाज एकमेकांच्या इतके जवळ होते की अंगावर काटा यावा. सा धरावा आणि त्याच्या अगदी शेजारच्या रिषभावर दुसऱ्यानं ठाण मांडून बसावं, तसं. खरखर, थरथर. शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा आवाज एकदम ‘ई-हू’ करून उंच उडी मारायचा आणि आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा यंत्रावरचा लाल दिवा लागायचा. मला वाटलं, वय झालंय, हेडफोनची सवय नाही, सूर घसरले. बिचारी.

सूर दुरुस्त करायचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात पडद्यावर गाणाऱ्याचा प्रत्येक स्वर घेवड्याच्या शेंगेसारखा दिसतो. शेंग चिमटीत धरून वर किंवा खाली सरकवली की स्वर सरकतो. आजकाल जे काही गुळगुळीत ऐकू येतं त्यातलं पुष्कळ असंच शेंगा सरकवून केलेलं असतं. मी तीन तास बसून बाबांच्या शेंगा सरकवल्या. दोन आवाजांमध्ये गोड अंतर पाडलं. त्या उड्या कापून टाकल्या. थोडा घुमारा घातला. फार सुंदर झालं. मी खरंच खूश होते.

घरी मुलीला दोन्ही ऐकवलं. ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “सेकंड वन इज नाइस. फर्स्ट वन इज क्रीपी.” मग जरा थांबून, “प्ले द फर्स्ट वन अगेन?” मी हसून सोडून दिलं. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी दोघी ऐकायला आल्या. मी दिवे मंद केले, चहा मागवला आणि गाणं लावलं. बाबा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं रुमालाची गाठ सोडून परत बांधली. मग देसीला एक लांब वाक्य म्हणाली. देसी खाली बघत राहिली.

“काय म्हणतात?”

“ती तुमचे आभार मानतेय.”

“एवढ्या लांब वाक्यात?”

देसीनं सुस्कारा सोडला. “ती म्हणतेय, या बाईनं किती मेहनत केली. आमचं गाणं धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. आता ते कुठल्याही हॉटेलात घालून जाता येईल. पण शेतात काय घालू, असं विचारतेय.”

मी म्हटलं, “पण ते स्वर एकमेकांवर आदळत होते. मी फक्त...”

बाबांना शब्द कळले नसतील, सूर कळला. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हातांनी दाखवत बोलायला लागली. देसी सांगत गेली.

“आमच्याकडे मेंढ्यांच्या गळ्यात घंटा असतात. दोन घंटा कधी एका सुराच्या घेत नाहीत. एका सुराच्या असल्या की मेंढपाळाला एकच मेंढी ऐकू येते. दुसरी हरवली तरी कळत नाही. आमचे दोन आवाज तसे आहेत. जवळ, पण एक नाहीत. ते घासले की मधून घंटा वाजते. घंटा वाजली की पलीकडच्या डोंगरावरच्या बायकांना कळतं, आम्ही दोघी आहोत.” मग बाबांनी पडद्याकडे बोट केलं. “आणि माझी ‘ई-हू’ कुठे गेली?”

पंचवीस वर्षं मी स्वरांमधली ही खरखर काढून टाकायचा पगार घेत होते. कोणीतरी ती मुद्दाम, जिवापाड जपून करत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मूळ रेकॉर्डिंग मी ठेवलेलं होतं, ते लावलं. पण त्यावरही तिनं मान वरखाली हलवली. एव्हाना मला ती भाषा येत होती: नाही. दोन्ही आवाज तिचेच होते. “ही राडा नाही,” ती म्हणाली. “मीच माझ्याशी बोलतेय. वेड्या बाईसारखी.”

समोर माणूस हवा होता. आणि तिचं परतीचं विमान नऊ दिवसांवर होतं.

दुसरा आवाज देसीनं धरायचा ठरलं. सहा दिवस त्या घरी बसून सराव करत होत्या. जमेना. देसीचा कान व्हायोलिनवर तयार झालेला. आईचा आवाज शेजारी येऊन घासायला लागला की तिचा गळा आपोआप बाजूला सरकायचा, सोयीच्या, गोड अंतरावर. तिला स्वतःला कळायचंही नाही. एकदा फोनवर मला रडक्या आवाजात म्हणाली, “मी बारा वर्षं अशा जागी वाजवतेय जिथे कोणाच्या गप्पांत व्यत्यय येता कामा नये. कोणाला न बोचणं हेच मी शिकले. आता आईच्या शेजारी उभं राहून बोचता येत नाही मला.”

शिवाय माझ्या स्टुडिओच्या भिंतींवर आवाज शोषणारा जाड फोम आहे. बाबांच्या आवाजाला समोरून काही परत यायला हवं होतं. डोंगर हवा होता. गुरवला विचारलं तर तो म्हणाला, “खोर फक्कान बंदराच्या अलीकडं आहे ना ताई. कंपनीच्या पिकनिक मी तिथं नेतो. वादीत, म्हणजे सुक्या नदीच्या पात्रात, जुनी खजुराची बाग हाय, दगडी भिंतीची. दोन्ही अंगाला नुसता कातळ.”

विमानाच्या आदल्या दिवशी, सकाळी सहाला आम्ही निघालो. मी, देसी, बाबा आणि गुरव. दोन माइक, बॅटरीवर चालणारं रेकॉर्डर आणि वाऱ्याचा आवाज अडवणाऱ्या केसाळ टोप्या, ज्या माइकला घातल्या की ते मांजराच्या पिल्लांसारखे दिसतात. शारजा मागे पडलं, डोंगरातले बोगदे सुरू झाले तशी बाबा खिडकीला नाक लावून बसली. त्या डोंगरांवर गवताची काडी नाही. तिनं विचारलं, “इथे मेंढ्या काय खातात?” गुरव आरशात बघून हिंदीत म्हणाला, “बाबाजी, यहाँ बकरी कागज भी खा लेता है.” त्याचं भाषांतर झाल्यावर ती पुढच्या बोगद्यापर्यंत हसत होती.

बागेत पाण्याचा पंप धडधडत होता. राखणदार पठाण होता. पंप अर्धा तास बंद ठेवायला सांगितलं तर त्यानं आधी मालकाला फोन लावला. मालक पलीकडून काय म्हणाला कोण जाणे, पठाणानं फोन खिशात टाकला, “यल्ला, खलास” म्हणत खटका खाली ओढला, आणि माइकसमोर तीन हातांवर मांडी ठोकून बसला. पंप थांबताच वादीत अशी शांतता पसरली की माझ्याच मनगटातल्या बांगडीचा आवाज हेडफोनमध्ये आला. मी ती काढून ठेवली.

दोघी भिंतीजवळ उभ्या राहिल्या. पहिल्यांदा गायल्या. देसी घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा बाबा मध्येच थांबली आणि खजुराच्या बुंध्यावर जाऊन बसली. देसी तोंड फिरवून उभी राहिली. मी हेडफोन गळ्यात घेऊन यंत्राचे खटके उगाच वरखाली करत बसले.

गुरव गाडीपाशी उभा होता. तो हळूच आला.

“ताई, एक बोलू का? लहान तोंडी मोठा घास.”

“बोला की.”

“मॅडम त्यांच्या मागं जातायत.”

“म्हणजे?”

“आमच्या गावी देवळात काका सनई वाजवायचे. मी मागं बसून सूर धरायचो. तीन तास एकच सूर, दुसरं काय नाय. पोरगा होतो, सनई ऐकत बसायचो आणि माझा सूर हलायचा. काका पायानं ढोसायचे. म्हणायचे, सूर धरणाऱ्यानं सनई ऐकायची नाय. ऐकलीस की गेलास. देवळाचा खांब बघ आणि फुंक.” त्यानं मान खाली घातली. “या मॅडम आईला ऐकतायत. प्रेमानं ऐकतायत, म्हणून जातायत.”

मी ते इंग्रजीत सांगितलं, देसीनं बल्गेरियनमध्ये. बाबा उठली. तिनं गुरवचा हात धरला आणि त्याला भिंतीजवळ आपल्यासमोर उभं केलं. एक सूर देऊन बोट त्याच्याकडे केलं. गुरव लाजला, माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या खजुराच्या बुंध्यावर नजर लावून त्यानं ‘आ’ लावला. साधा, रुंद, थोडा घोगरा.

बाबा गायला लागली. तिचा आवाज त्याच्या सुराभोवती फिरला, जवळ आला, अगदी शेजारी येऊन घासला. गुरव हलला नाही. ती खाली उतरली, दुसऱ्या बाजूनं घासली. तो खांबासारखा. आणि तेव्हा मी ते पहिल्यांदा ऐकलं. दोन आवाजांच्या मधून तिसरंच काहीतरी उठलं, पितळी, थरथरतं, लांबून येणाऱ्या घंटेसारखं. स्टुडिओत मी ज्याला बिघाड समजले होते तेच. इथे कातळ ते परत पाठवत होता. ओळीच्या शेवटी ‘ई-हू’ गेलं आणि समोरच्या डोंगरातून परत आलं. पठाण म्हणाला, “माशाल्ला.”

मग देसी गुरवच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि त्याच्याच सुरात सूर मिळवला. तिनंही बुंध्यावर नजर ठेवली. तिच्या गालावरून पाणी येत होतं, पण तिनं ते पुसलं नाही, बहुतेक हलायची भीती वाटत असावी. दोन ओळी दोघं मिळून धरून होते. मग गुरव हळूहळू आवाज कमी करत गेला, दोन पावलं मागे सरकला आणि गप्प झाला. देसीचा सूर तिथेच राहिला. आई येऊन घासली. ती हलली नाही.

ते सगळं रेकॉर्डरवर होतं, पण गुरवच्या आवाजासकट. म्हणून आम्ही पुन्हा एकदा पूर्ण गाणं घेतलं, फक्त दोघींचं. या वेळी आवाजाची पातळी मी इतकी खाली ठेवली की ‘ई-हू’नं लाल दिवा लागला नाही. गाणं संपल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दूर बंदरात एका जहाजानं भोंगा दिला, तोही आत आला. एरवी मी तो कापला असता.

बाबा दुसऱ्या दिवशी गेली. जाताना तिनं गुरवला स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. दुबईत! त्यानं ते सुटकेसमध्ये जपून ठेवलेत. राजापूरला तरी कधी घालणार, मला माहीत नाही.

देसीचा अल्बम निघाला. फार लोकांनी ऐकला असं नाही. पण त्याच्या पुस्तिकेत त्या गाण्याखाली ‘मार्गदर्शन : सदानंद गुरव’ असं छापलंय, आणि तिनं मला विचारून त्याच्या नावाआधी ‘उस्ताद’ लावायचं ठरवलं होतं. गुरवनंच हात जोडून ते काढायला लावलं. “गावात कोणी बघितलं तर काका पायानं ढोसतील,” म्हणाला. काका हयात आहेत.

माझं मात्र त्या दिवसापासून एक चालू झालं. मी जुनी रेकॉर्डिंगं काढून बसायला लागले. किती जणांच्या शेंगा मी सरकवल्या असतील! त्यात एक नाव आठवलं ते दाजी परबांचं. पूर्वी ते जबल अलीच्या एका गोदामात क्रेनवर काम करायचे. कामगारांच्या वस्तीत त्यांनी भजनी मंडळ काढलं होतं. एका शुक्रवारी कंपनीच्या बसनं बारा जण स्टुडिओत आले आणि परबांच्या आजोबांनी रचलेलं गणपतीचं एक भजन आम्ही रेकॉर्ड केलं. परबांचा गंधार नेहमी जरा खाली लागायचा. ना कोमल ना शुद्ध, दोघांच्या मधे कुठेतरी. मी तो उचलून जागेवर बसवला. मंडळी फार खूश झाली होती. सगळ्यांच्या फोनवर ते भजन गेलं.

आता मला तो मूळ गंधार ऐकायचा होता. चुकीचा होता, की त्यांच्या आजोबांचा होता? दोन सुट्ट्या घालवून जुन्या हार्ड डिस्क धुंडाळल्या. दुरुस्त केलेलं भजन सापडलं. मूळ फाईल जागा करण्यासाठी मीच कधीतरी पुसून टाकली होती.

परब आता कुडाळजवळ त्यांच्या गावी असतात. नंबर मिळवला, फोन लावला. त्यांना कोण आनंद! मी म्हटलं, “बुवा, ते गणपतीचं भजन एकदा म्हणाल का? मी इथे रेकॉर्ड करते. तुम्हाला येतं तसंच म्हणा, काही बदलू नका.”

“आता माजे दात नाय ओ, मॅडम,” म्हणत ते गायला लागले. आवाज थकला होता, पण चाल तीच. मी डोळे मिटून त्या जागेची वाट बघत होते. जागा आली. गंधार लख्ख लागला, पेटीवर बोट ठेवावं तसा. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तसाच.

भजन संपलं. मी विचारलं, “बुवा, इथे पूर्वी तुम्ही जरा उतरवून लावायचात ना?”

“व्हय तर!” परब हसले. “आमच्या आज्यापासून सगळे तसाच म्हणीत. तेवा माका कळत नव्हता. मगे तुमची रेकॉर्ड रोज लावून ऐकलंय, ऐकान ऐकान सुधारलंय. आता वाडीतल्या सगळ्या पोरांकय असाच शिकवतंय. एकाचोय सूर चुकणा नाय.”

मी रेकॉर्डिंग बंद केलं. “छान लागलाय,” एवढंच म्हटलं.

“तुमचे उपकार हत, मॅडम,” ते म्हणाले.